आपल्या घराचा वास



गेल्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता आणि वेळ संपल्यामुळे तो तसाच राहिला. ते म्हणाले, "सर, परक्या संस्कृतीत राहून आलं की माणसाचा दृष्टिकोन व्यापक होतो, असं सगळे म्हणतात. मग आमच्या नात्यातली काही माणसं तीस-तीस वर्षं परदेशात राहून होती तशीच कशी राहिली?" तेव्हा सभागृहात हशा झाला. पण मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आज त्याचंच उत्तर शोधायचा प्रयत्न करू.

सुरुवात एका साध्या अनुभवापासून करतो. प्रत्येक घराला एक वास असतो. फोडणीचा, उदबत्तीचा, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा, सगळ्यांचा मिळून झालेला. दुसऱ्याच्या घरी गेलो की तो आपल्याला लगेच जाणवतो. आपल्या घराचा मात्र येत नाही. आपल्या घराला वास नाहीच, असं आपण प्रामाणिकपणे समजत असतो. पण महिनाभर गावाला राहून परत या, कुलूप काढा, दार उघडा. त्या क्षणी आपल्याच घराचा वास आपल्याला येतो. खिडक्या उघडून, चहाचं आधण ठेवेपर्यंत तो पुन्हा नाहीसा झालेला असतो.

संस्कृतीचं असंच आहे. आपण ज्या रीतीभातींत वाढलो त्या आपल्याला रीतीभाती म्हणून दिसत नाहीत. जग असंच असतं, असं वाटतं. रूढी असतात त्या दुसऱ्यांच्या. आपलं असतं ते स्वाभाविक. दृष्टिकोन बदलणं याचा पहिला अर्थ मी असा करतो की, जे आपल्याला 'स्वाभाविक' वाटत होतं ते 'आपण असं करतो' या सदरात येऊन बसणं. मत बदलणं ही त्याच्या पुढची पायरी. ती येईल किंवा येणारही नाही.

आता हे नुसतं वेगळेपण पाहून घडतं का? नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एक गोष्ट लिहून ठेवली आहे. इराणचा सम्राट डेरियस यानं दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, की किती पैसे दिले तर तुम्ही आपल्या मेलेल्या वडिलांना खाल? ते म्हणाले, कितीही दिलेत तरी नाही. मग त्यानं हिंदुस्थानाकडच्या एका जमातीच्या लोकांना बोलावलं. मृत आईवडिलांना खाणं ही त्यांची रीत होती, असं हिरोडोटस सांगतो. त्यांना विचारलं, किती पैसे घेऊन तुम्ही वडिलांना जाळाल? ते कानावर हात ठेवून ओरडले, की असं अभद्र बोलू नका. हिरोडोटसनं यावरून निष्कर्ष काढला, की रूढीच सगळ्यांवर राज्य करते. मला त्या गोष्टीत आणखी एक गोष्ट दिसते. दोन्ही बाजूंनी परकी रीत ऐकली, दुभाषाही होता, आणि तरी दरबारातून बाहेर पडताना ग्रीक ग्रीकच होते आणि ते दुसरेही जसेच्या तसे. वेगळेपणाची माहिती मिळाली. दृष्टीत फरक पडला नाही.

मग फरक कधी पडतो? यासाठी मी दोन माणसांची उदाहरणं घेतो. या दोघांची कधी भेट झाल्याचं मी वाचलेलं नाही. पण दोघांच्या आयुष्यातली तीन वर्षं जुळतात. जन्म दोघांचाही १८५८चा. दोघांनीही घर सोडून समुद्र ओलांडला तो १८८३ साली. आणि दोघांचंही एकेक महत्त्वाचं लेखन १८८९ साली छापलं गेलं. एक जर्मनीतले फ्रान्झ बोआस. दुसऱ्या आपल्या पंडिता रमाबाई.

आधी बोआस. हा गृहस्थ पदार्थविज्ञानाचा माणूस. १८८१ साली कील विद्यापीठात त्यानं डॉक्टरेट मिळवली ती पाण्याच्या रंगावर. दोन प्रकाशांतला कोणता जास्त तेजस्वी, हे डोळ्यांनी ठरवताना त्याला अडचण यायला लागली, आणि पाहणाऱ्याचाच प्रश्न त्याच्या मनात शिरला. पुढे तो भूगोलाकडे वळला आणि १८८३च्या उन्हाळ्यात उत्तर कॅनडातल्या बॅफिन बेटावर गेला. तिथले इन्युइट लोक, ज्यांना तेव्हा एस्किमो म्हणत, ते आपल्या प्रदेशात कसे हिंडतात, त्यांना तो कितपत ठाऊक आहे, हे त्याला नकाशे काढून अभ्यासायचं होतं. थोडक्यात, तो लोकांसाठी गेला नव्हता; भूगोलासाठी गेला होता.

डिसेंबर महिना. सूर्य जवळजवळ नाहीच. तापमान शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास. बोआस, त्याचा जर्मन मदतनीस आणि एक इन्युइट वाटाड्या मऊ बर्फात वाट चुकले आणि दिवसभराहून जास्त वेळ चालत राहिले. शेवटी एका इन्युइट वस्तीत पोचले. तिथं त्यांना जागा मिळाली, ऊब मिळाली, अन्न मिळालं. २३ डिसेंबर १८८३ रोजी त्यानं आपल्या वाग्दत्त वधूसाठी लिहिलेल्या पत्रवजा रोजनिशीत जे लिहिलं त्याचा आशय असा: इथं कुणी सील मारून आणला की तो सगळ्यांत वाटला जातो, मग मी स्वतःला विचारतो, की आमच्या सुसंस्कृत म्हणवणाऱ्या समाजाकडे या 'रानटी' लोकांपेक्षा जास्त काय आहे? सुसंस्कृत माणूस ही कल्पनाच सापेक्ष आहे. माणसाचं मोल त्याच्या हृदयाच्या जडणघडणीवरून ठरवावं.

इथं थोडं थांबू. हे त्याला जर्मनीत पुस्तकं वाचून का सुचलं नाही? इन्युइट लोक शिकार वाटून खातात ही माहिती त्याला घरी बसूनही मिळाली असती. फरक असा आहे, की त्या रात्री तो त्यांच्यावर अवलंबून होता. त्यानं मिळवलेली डॉक्टरेट तिथं उपयोगाची नव्हती. बर्फ कसा ओळखायचा, झोपायचं कसं, कपडे कोणते घालायचे, यात त्या वस्तीतलं लहान पोरही त्याच्यापेक्षा शहाणं होतं. जिथं आपण अडाणी ठरतो तिथं आपल्या शहाणपणाची हद्द आपल्याला कळते.

आता १८८९. बोआसनं एक छोटा निबंध लिहिला. त्या काळचे अभ्यासक म्हणत, की अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांत उच्चार पक्के नसतात, एकच शब्द ते कधी असा तर कधी तसा उच्चारतात, आणि हे त्यांच्या भाषा मागासलेल्या असल्याचं लक्षण आहे. बोआसनं आपल्याच बॅफिन बेटावरच्या वह्या उघडल्या. त्यात एकच इन्युइट शब्द त्यानं स्वतः वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा लिहिलेला होता. त्यानं निष्कर्ष काढला, की बोलणारा डळमळत नव्हता, ऐकणारा डळमळत होता. आपल्या भाषेत जो ध्वनी नाही तो ऐकला, की कान त्याला आपल्या ओळखीच्या जवळच्या ध्वनीत बसवतो. आज एका ध्वनीत, उद्या दुसऱ्या.

आपल्याला हे लगेच पटेल. मराठी न येणाऱ्या माणसाला 'ळ' म्हणून दाखवा. तो कधी 'ल' ऐकेल, कधी 'ड'. आणि उलट बाजूनं पाहायचं तर इंग्रजीतल्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन अक्षरांचे उच्चार वेगळे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांच्या कानाला कळतं? आपण दोन्हीकडे 'व' म्हणून मोकळे होतो. दोष जिभेत नाही, कानातही नाही. ती कानाची सवय आहे. बोआसनं जे केलं त्याचं महत्त्व इथं आहे. त्यानं 'ते असे आहेत' या वाक्याच्या जागी 'मी असा ऐकतो' हे वाक्य ठेवलं. माझ्या मते दृष्टिकोन बदलल्याची ही सगळ्यांत भरवशाची खूण आहे. माणूस परक्यांबद्दल काय बोलतो त्यापेक्षा तो आपल्या स्वतःच्या पाहण्याबद्दल काही बोलू लागला का, ते बघावं.

आता रमाबाई. त्यांचा प्रवास १८८३ला सुरू झाला असं म्हणणं खरं तर अपुरं आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, घरदार सोडून तीर्थयात्रा केल्या. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. तिथंच केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सांगितलं. पुराणं मुखोद्गत असलेल्या या बाईला वेद वाचायचा अधिकार स्त्रियांना नाही असंच सांगितलेलं होतं. म्हणजे दुसऱ्या संस्कृतीचा पहिला धक्का त्यांना समुद्रापलीकडे नव्हे, बंगालमध्ये बसला. परकी संस्कृती म्हणजे विमानानंच जायची जागा, असा आपला समज असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पुढे लग्न, मुलगी, आणि १८८२ साली वैधव्य. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक. या पुस्तकाचा रोख लक्षात घ्या. तो बराचसा उपदेशाचा आहे: स्त्रियांनी शिकावं, आळस सोडावा, स्वावलंबी व्हावं, चांगलं वागावं. सुधारणा व्हायची ती मुख्यतः स्त्रीच्या अंगी. त्यानंतर १८८३ साली त्या लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकायचा विचार होता. कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. बरोबर गेलेल्या सहकारी बाईंनी थोड्याच महिन्यांत आत्महत्या केली. हे सांगतो अशासाठी, की 'वेगळ्या संस्कृतीचा अनुभव' हे शब्द कानाला गोड लागतात, पण प्रत्यक्षात तो अनुभव एकटेपणाचा आणि कधीकधी जीवघेणा असतो.

त्यांनी तिथं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्या पूर्ण बदलल्या, तिकडच्याच झाल्या, असं कुणी म्हणेल. पण त्यांची पत्रं वाचली तर चित्र वेगळं दिसतं. त्या शाकाहारी होत्या, शाकाहारीच राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर चर्चची वडीलधारी मंडळी नापसंती दाखवू लागली, तेव्हा त्यांनी ठणकावून सांगितलं, की माझ्या सदसद्विवेकावर दुसऱ्या कुणाची सत्ता मी मानत नाही. शास्त्रीपंडितांशी वाद घातलेली बाई ती. बिशपांपुढेही तशीच उभी राहिली. नवा धर्म स्वीकारला, पण तपासण्याची सवय सोडली नाही.

१८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. १८८७ साली त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक आलं. ते 'स्त्रीधर्मनीति'च्या शेजारी ठेवून पाहा. मधे फक्त पाच वर्षं आहेत. पण आता प्रश्न स्त्रीनं कसं वागावं हा राहिलेला नाही. बालपण, विवाह, वैधव्य, कायदा, शास्त्र, अशी एकेक व्यवस्था घेऊन ती स्त्रीचं काय करते, हे त्या दाखवतात. उपदेशाची जागा विश्लेषणानं घेतली. विधवेचं दुःख हे नशीब किंवा पूर्वजन्मीचं पाप न राहता माणसांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेचा परिणाम म्हणून दिसू लागलं. आणि जे माणसांनी उभं केलं ते माणसांना बदलता येतं.

मग १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात अमेरिकेचं कौतुक भरपूर आहे. शाळा, ग्रंथालयं, आणि विशेषतः साध्या घरच्या बायकांनी एकत्र येऊन चालवलेल्या संस्था. पण त्याच पुस्तकात मूळ रहिवाशांवर झालेले अत्याचार आहेत, काळ्या लोकांशी होणारा दुजाभावही आहे. ज्या देशानं मदत केली त्याच देशाचे दोष त्यांनी लिहिले. त्याच वर्षी ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथं पहिल्या आलेल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे.

आता या दोन उदाहरणांत समान काय आहे ते बघू. दोघंही पाहुणे म्हणून गेले नाहीत. गरजवंत म्हणून राहिले. दोघांनाही दुसऱ्याची भाषा शिकावी लागली, आणि भाषा शिकताना प्रौढ माणसाला पुन्हा पोरासारखं चुकावं लागतं. दोघंही पुरेसे दिवस राहिले, म्हणजे कौतुक ओसरून वैताग येईपर्यंत आणि वैताग ओसरून सवय होईपर्यंत. आणि दोघांनीही मिळालेली नवी नजर आधी स्वतःकडे वळवली.

हान्स-गेओर्ग गाडामर या जर्मन तत्त्वज्ञानं १९६०च्या आपल्या ग्रंथात पूर्वग्रहांबद्दल एक महत्त्वाचा विचार मांडला. पूर्वग्रह म्हणजे निव्वळ दोष नव्हे. काही आधीची समज घेतल्याशिवाय आपल्याला काहीच समजू शकत नाही. पण हे पूर्वग्रह आपल्या पाठीमागे असतात, समोर दिसत नाहीत. ते दिसतात, जेव्हा दुसरं कुणी त्यांना आव्हान देतं आणि आपण त्या दुसऱ्याचं म्हणणं खरं असू शकेल एवढी जागा ठेवतो तेव्हा. हिरोडोटसच्या गोष्टीतल्या दरबारात ती जागा कुणीच ठेवली नव्हती.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण मी इथं थांबलो तर तुम्हाला अर्धंच सत्य सांगितल्यासारखं होईल.

बोआस पुढे न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात काम करू लागला. त्यानं उत्तर ध्रुवाकडे मोहिमा काढणाऱ्या रॉबर्ट पिअरीला सुचवलं, की अभ्यासासाठी एखादा इन्युइट माणूस हिवाळ्यापुरता इकडे आणता आला तर बरं. पिअरीनं १८९७ साली ग्रीनलंडहून सहा जणांना आणलं. संग्रहालयाच्या तळघरात त्यांना ठेवलं. काही महिन्यांत त्यांतले चार आजारी पडून वारले. त्यांत मिनिक नावाच्या लहान मुलाचे वडील होते. मुलाची समजूत पटावी म्हणून दफनाचा देखावा केला गेला. कापडात गुंडाळलेला ओंडका पुरला. वडिलांची हाडं संग्रहात गेली. मिनिक मोठा झाल्यावर त्याला हे कळलं. त्यानं वडिलांची हाडं मागितली. ती मिळाली नाहीत. तो १९१८च्या साथीत वारला. ती हाडं ग्रीनलंडला परत गेली आणि पुरली गेली, १९९३ साली. या प्रकरणात बोआस सामील होता, आणि वर्षांनंतर वृत्तपत्रानं विचारलं तेव्हाही त्यात फारसं काही गैर झालं असं त्याला वाटलं नाही.

तोच माणूस, ज्यानं चौदा वर्षांपूर्वी बर्फातल्या झोपडीत बसून हृदयाच्या जडणघडणीबद्दल लिहिलं होतं. आणि पुढे १९११ साली 'द माइंड ऑफ प्रिमिटिव्ह मॅन' या ग्रंथात वंशावरून बुद्धी ठरत नाही, असं ठामपणे मांडणाराही तोच. मग त्याला ढोंगी म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. मला वाटतं, इथं आपल्या घराच्या वासाची गोष्ट पुन्हा लागू पडते. बॅफिन बेटावर तो गरजवंत होता. न्यूयॉर्कमध्ये संग्रहालय त्याचं होतं, किल्ल्या त्याच्याकडे होत्या, आणि इन्युइट तळघरात होते. ज्या परिस्थितीनं त्याला नजर दिली होती ती उलटी झाली, आणि 'विज्ञानासाठी हाडं ठेवायचीच' ही त्याच्या घरातली रूढी त्याला पुन्हा स्वाभाविक वाटू लागली. खिडक्या उघडल्या, चहा झाला, वास गेला.

म्हणून 'प्रवासानं माणूस व्यापक होतो' हे वाक्य मला अपुरं वाटतं. नजर एकदा मिळाली की कायमची आपली होत नाही. ती राखावी लागते, आणि आपल्या हाती सत्ता आली की जास्तच राखावी लागते.

आणखी एक शंका राहते. प्रत्येक संस्कृतीचं आपापल्या जागी बरोबर, असं मानलं की मग चूक कशाला म्हणायचं? मिनिकच्या वडिलांना पुरण्याचं नाटक, विधवेचं केशवपन, हे सगळं 'त्यांची पद्धत' म्हणून सोडून द्यायचं? रमाबाईंचं उदाहरण मला इथं उपयोगी वाटतं. दोन संस्कृती आतून पाहिल्यामुळे त्यांची न्यायबुद्धी बोथट झाली नाही. उलट तिला दोन बाजू मिळाल्या. हिंदू समाजातल्या व्यवस्थेला प्रश्न विचारले, तसे ख्रिस्ती धर्मसत्तेला आणि अमेरिकेतल्या वर्णद्वेषालाही विचारले. सापेक्षतेचा योग्य उपयोग एवढाच, की निर्णय लांबणीवर टाकावा, म्हणजे आधी समजून घ्यावं. निर्णय रद्द करावा असा त्याचा अर्थ नाही.

आता श्रोत्यांच्या त्या नातेवाइकांकडे येतो. तीस वर्षं बाहेर राहिले, पण किराणा आपला, मंडळ आपलं, मित्र आपले, आणि कामाच्या ठिकाणी कामापुरती भाषा. त्यांना मी दोष देत नाही. परक्या जागी माणसाला उभं राहायला आपली चार माणसं लागतातच. आपणही सहलीला जातो तेव्हा बरोबर स्वयंपाकी नेतो आणि युरोपात बसून पोहे खातो, तेव्हा फार बोलू नये. पण अशा राहण्यात आपण कधी कुणाचे गरजवंत होत नाही. म्हणून काही उलगडतही नाही.

आणि ज्यांना कुठं जाणं शक्य नाही त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. आपल्याच गावात अशी घरं आहेत जिथं आपण कधी पाण्याचा पेलाही घेतलेला नाही. तिथं जाऊन काही शिकवायचं नाही. काहीतरी शिकायला मागायचं. एखादा पदार्थ, एखादं काम, त्यांच्या बोलीतले चार शब्द. चुकायचं, त्यांना हसू द्यायचं. आणि परत येऊन आपलं दार उघडताना नाकाकडे लक्ष ठेवायचं. तो वास क्षणभरच येतो. आला की लिहून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी आपल्याला तो आठवणार नाही.

आज एवढंच. प्रश्न असतील ते घेऊ.